पट्टीवरचे दोन मिलिमीटर

१

उजवा हात कामात आहे, म्हणून हे डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वेडंवाकडं येतंय, ओळी खाली उतरत चालल्या आहेत. एरवी मला हे खपलं नसतं. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. तेवीस वर्षं दुकानांतून तराजू, वजनं आणि लिटरची मापं तपासत हिंडतो आहे. आमची ही मला ‘मापाडी’ म्हणायची. पाहुण्यांसमोरसुद्धा.

तिला जाऊन नऊ महिने झाले. अकरा दिवस दवाखान्यात होती. शेवटच्या दुपारी मी तिचा हात धरून बसलो होतो. हाताच्या पाठीवर सलाइनची सुई होती आणि त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा चौकोन. ती म्हणाली, “चहा पिऊन या. मी काय पळून जातेय?” मी हात सोडला आणि खाली गेलो. वर आलो तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी सात मिनिटं बाहेर होतो. आयुष्यात एवढी मापं घेतली, पण या एका मापापुढे बाकीची सगळी खोटी वाटतात.

बाल्कनीत तिच्या बावीस कुंड्या होत्या. मी त्यांना रोज न चुकता पाणी घातलं, प्रत्येकीला पाव लिटर. ही असती तर म्हणाली असती, “झाडांना कोणी मापाने पाणी घालतं का?” दोन महिन्यांत सगळी झाडं वाळली. रिकाम्या कुंड्या मी एकात एक घालून कोपऱ्यात रचून ठेवल्या आणि बाल्कनीचं दार लावून घेतलं.

मग एका सकाळी एका वाण्याचा काटा तपासून बाहेर पडलो, तर शेजारी माशांचं दुकान. काचेच्या टाकीत बाग होती. उतारावर बारीक गवत, मागे लालसर झुडपं, मधून वाळूची पांढरी पाऊलवाट, आणि प्रत्येक पानाच्या टोकाला एकेक चांदीचा थेंब. मधूनच एक थेंब सुटायचा आणि वर निघून जायचा. मासा एकही नव्हता.

“आत या साहेब, काच पुसून झाली असेल तुमच्या नाकाने,” दुकानातली बाई म्हणाली. रबरी एप्रन, कोपरापर्यंत ओले हात आणि खणखणीत आवाज.

“हे थेंब कसले?”

“झाडं श्वास सोडतायत. खूश असली की सोडतात.”

मी तिथे चाळीस मिनिटं उभा होतो. नऊ महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली.

२

पुढचे पंधरा दिवस कसे गेले ते आठवलं की आजही छातीत धडधडतं. कितीतरी दिवसांनी मला सकाळी उठायची घाई व्हायला लागली होती!

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. ती दिवाणखान्यात, बंद बाल्कनीच्या दाराशेजारी ठेवली. खालच्या टेबलावर पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा केसभर डावीकडे होता. टेबलाच्या पायाखाली पत्र्याचा तुकडा सारला, तेव्हा तो बरोबर मधोमध येऊन थांबला. पाणी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असं माझ्या घरात चालायचं नाही.

मग माती. पुढे दोन बोटं, मागे वीतभर, म्हणजे उतार येतो आणि बाग खोल दिसते. मग दगड. सहा दगड मी चार संध्याकाळ नुसते फिरवत होतो. मोठा मधोमध ठेवला की तो शेंदूर फासायची वाट बघतोय असं दिसायचं. शेवटी जरा डावीकडे, थोडा कलता ठेवला, आणि बाकीचे पाच आपोआप त्याच्या घरचे झाले. लाकडाची एक फांदी आणली होती, तिने मात्र छळलं. पाण्यात टाकली की तरंगायची. बाईने सांगितल्याप्रमाणे मोठ्या पातेल्यात उकळली. घरभर ओल्या रानाचा वास भरला. आठवडाभर बादलीत दगडाखाली दाबून ठेवली, तेव्हा कुठे बुडायला तयार झाली.

माझी लेक, ठमी, दातांची डॉक्टर आहे. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. रोज रात्री तिचा फोन यायचा.

“बाबा, जेवलास?”

“लाकूड बुडालं!”

“मी जेवणाचं विचारतेय.”

“अगं, एकदम तळाशी बसलं. हललंसुद्धा नाही!”

ती हसायची. कितीतरी दिवसांनी ती अशी हसत होती, म्हणून मी रोज काहीतरी सांगायला शोधून ठेवायचो.

झाडं लावायला लांब चिमटा मिळतो. गवताची जुडी सोडवून चार-चार काड्या मातीत तिरप्या खुपसायच्या. तीनशे काड्या लावल्या. मागे लालसर देठ लावले. मग मातीवर ताटली ठेवून तिच्यावर नळीने पाणी सोडलं, म्हणजे माती उधळत नाही. पाणी इंच इंच चढत गेलं आणि आडवी पडलेली पानं एकेक करून उभी राहिली. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

“मासे कधी नेऊ?” मी बाईला विचारलं.

“घाई करू नका साहेब. महिनाभर नुसतं पाणी सांभाळायचं. पाणी पिकावं लागतं. आणि एक ऐका, एका टाकीला एकच हात. घरात दुसऱ्या कोणाला हात घालू देऊ नका.”

“का हो?”

“कोणाच्या हाताला साबण, कोणाच्या क्रीम. शिवाय ज्याने लावलंय त्यालाच ठाऊक, काय कुठे आहे. दोन हात पडले की बाग बिघडते.”

मला हे पटलं. तसाही घरात दुसरा हात कुठे होता?

पाणी रोज थोडं उडून जातं. ते मोजायला मी पुढच्या काचेवर पोलादी पट्टी उभी चिकटवली. पट्टीचं शून्य पाण्याच्या रेषेला. सकाळी शून्यापर्यंत पाणी घालायचं, संध्याकाळपर्यंत ते दोन मिलिमीटर उतरायचं. मग मापाड्याला आणखी एक खेळ सुचला. हात कोपरापर्यंत आत घातला आणि पट्टी पाहिली. पाणी तीन मिलिमीटर चढलं. हात बाहेर काढला, परत खाली. टाकीचं क्षेत्रफळ माहीत होतं, गुणाकार केला. माझा हात कोपरापर्यंत सव्वा लिटरला थोडा कमी भरतो. हे मी वहीत लिहून ठेवलं आणि उगाचच आनंदाने झोपलो.

३

टाकी आणल्यापासून एकोणिसाव्या दिवशी, गुरुवारी, अर्ध्या दिवसाची रजा होती. सव्वातीनला घरी आलो. टाकीवरचे दिवे बारालाच लागले होते. त्यांची वेळ यंत्रावर लावलेली आहे, दुपारी बारा ते रात्री आठ. टाकीसमोर खुर्ची ओढली आणि सवयीने पट्टी पाहिली.

पाणी शून्याच्या वर होतं. बरोबर एक मिलिमीटर.

सकाळी मी शून्यावर सोडलं होतं. म्हणजे आता एक उणं असायला हवं होतं. पाणी दोन मिलिमीटर जास्त होतं. पहिल्यांदा वाटलं, पट्टी घसरली. नखाने रेटून पाहिली, पक्की होती. मग वाटलं, पाणी तापून फुगलं. हिशेब केला, तर एका अंशाला ती वाढ डोळ्यांना दिसणारच नाही. मातीत हवा साठली असेल तर पाणी चढतं, म्हणून काडीने माती टोचली. एक बुडबुडासुद्धा वर आला नाही. गाळणीचं यंत्र चालू होतं. त्याची ती बारीक घूं घूं तशीच.

मी खुर्चीत बसून राहिलो. तीन वाजून वीस मिनिटांनी पाणी खाली गेलं.

हळूहळू उतरलं नाही. एकदम गेलं, माझा हात बाहेर काढल्यावर जायचं तसं. पृष्ठभागावर एक वलय उठलं आणि काचेवर आपटून परत मधोमध आलं. पट्टीवर एक उणं.

माझा स्वभाव असा, की दुकानदार शपथा घालतो तेव्हाही मी वजनाकडे बघतो. म्हणून नाक काचेला लावून बाग इंच इंच तपासली. नव्या टाकीत देठ सुटून वर तरंगतात. सकाळी घाईत मी दोन तसेच सोडून गेलो होतो. ते आता तरंगत नव्हते. मागे, फांदीच्या आडोशाला, नीट लावलेले होते. आणि प्रत्येकाभोवती मातीत तीन खळगे होते. अंगठ्याच्या टोकाएवढे.

ही कुंडीत रोप लावायची तेव्हा भोवतीची माती तीनदा दाबायची. एक, दोन, तीन. मी विचारायचो, “तीनच का?” ती म्हणायची, “एक माझ्यासाठी, एक तुमच्यासाठी, एक ठमीसाठी. मोजा आता.”

भीती वाटायला हवी होती, हे मला कळत होतं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो, पाणी प्यायलो, परत आलो, आणि माझ्या लक्षात आलं की मी मोठ्याने हसतो आहे.

४

तरी माणसाने पुरावा बघावा. दोन मिलिमीटर म्हणजे साधारण आठशे मिलिलिटर. माझा हात त्यात बसत नाही. बारीक हात हवा.

ठमी जन्मली तेव्हापासून सगळे म्हणतात, हात आईचेच उचललेत. तीच लांब बोटं, तीच मनगटं. फरक एकच, डाव्या हाताची करंगळी. पाच वर्षांची असताना दारात चिमटली आणि कायमची आत वळली. त्यानंतर रस्ता ओलांडताना ती माझं बोट धरायची नाही, माझा अंगठा धरायची, त्या वाकड्या करंगळीने विळखा घालून.

रविवारी ती आली. दारातच थबकली.

“अरे बाबा!” ती कितीतरी वेळ टाकीकडे बघत राहिली. “आई असती तर तिने तुला घरातून हाकललं असतं. म्हणाली असती, मी आयुष्यभर कुंड्या सांभाळल्या, आणि हे आता पाण्यात बुडवून बाग करतायत.”

“हात घाल.”

“काय?”

“पाण्यात. कोपरापर्यंत. साबण लावू नकोस, नुसता धू.”

“मी पेशंटना ‘आ करा’ म्हणते तेसुद्धा जरा गोड बोलून म्हणते हं.”

“ठमे, एक माप घ्यायचंय.”

“तुझ्या मापांना एक दिवस मीच कुलूप लावणार आहे.” पण तिने बाही दुमडली. उजव्या हातात घड्याळ होतं, म्हणून डावा हात घातला. दुकानातल्या बाईचं बोलणं मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. एका मिनिटाने काय बिघडतंय, असं मनात म्हटलं.

पाणी शून्यावरून चढलं. पट्टीवर दोन. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

“बाबा, रडतोयस का?”

“बुडबुडे बघ किती सुंदर सुटतायत.”

“मस्त गार आहे रे,” ती म्हणाली. मग बोटं हलवत, “हे गवत हाताला लागतं तेव्हा कोणी बोटं मोजतंय असं वाटतं.”

“काढ आता.”

तिने हात काढला. मी टॉवेल दिला. मी वहीत लिहिलं, आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

५

सोमवारपासून मी रजा टाकली. साहेबांनी विचारलं, “घरी काही विशेष?” मी म्हटलं, “बाग लावतोय.” ते म्हणाले, “बरं केलंत,” आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसले.

सोमवारी अडीचलाच पाणी शून्यावर आणलं आणि बाह्या दुमडून बसलो. बाहेर कोणीतरी सतरंजी झटकत होतं. गाळणी घूं घूं करत होती. तीन वाजता पट्टी पाहिली: शून्य. तीन वाजून तेरा मिनिटांनी पाणी चढलं. दोन.

तीन तेरा. याच मिनिटाला मी तिचा हात सोडून चहाला उठलो होतो.

मी हात आत घातला. कोपरापर्यंत. पाणी तीन मिलिमीटर आणखी चढलं. पाच. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. गवत, दगड, फांदी आणि माझा वाकडा दिसणारा हात. बोटं पुढे सरकवली, फांदीच्या मागे, जिथे नजर पोचत नाही.

आणि हात हातात आला.

गार, पण मऊ. मी तो चाचपला नाही, नुसता धरला. मग हळूच अंगठा हाताच्या पाठीवर फिरवला. तिथे चिकटपट्टीचा चौकोन होता. एक कोपरा उचललेला, दवाखान्यात होता तसाच.

तीन वीसला पाणी उतरलं आणि माझी मूठ रिकामी झाली. त्या सात मिनिटांत काय वाटलं ते लिहिण्याएवढं भाषेचं माप माझ्याकडे नाही. बागेतल्या प्रत्येक पानावर थेंब धरला होता. अख्खी टाकी चमकत होती. मी ठमीला भर कामाच्या वेळी फोन लावला.

“बाबा? काय झालं?”

“काही नाही गं. बाग खूश आहे.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “ऐक, पेशंट बसलाय, ठेवते. हाताला मुंग्या आल्यात आज, कामच होत नाहीये.”

मंगळवारी पाणी तीन तेराला चढलं, पण उतरलं चार वाजता. बुधवारी पाच वाजले. आमच्याकडे वेळ वाढत चालला होता. आणि बुधवारी, माझा हात आत असताना, पट्टीवर सात होते.

सात. माझे तीन, तिचे दोन, आणि आणखी दोन. मला एवढा आनंद झाला की खुर्ची मागे पडली. दोन्ही हात आले! मी तिला म्हटलं, मोठ्याने म्हटलं, “दुसरा पण दे ना.” पण तो दुसरा हात मला सापडला नाही. मागे कुठेतरी, लालसर देठांत होता. देठ हलत होते, मुठीत धरून कोणी ओढावं तसे. ही रोपं कधी ओढायची नाही.

त्या संध्याकाळी दुकानात गेलो. बाईने चेहरा पाहून विचारलं, “पिकलं वाटतं पाणी? मग मासे देऊ?”

“मासे नकोत.”

“मग त्या टाकीत ठेवणार काय, साहेब?”

मी नुसता हसलो. तीही हसली, पण जरा उशिरा.

६

आज गुरुवार. दुपारी दीड वाजता ठमीचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

“बाबा, घाबरू नकोस हं. डावा हात पार गार पडलाय. सोमवारपासून जरा जरा होतंय, आज आरसासुद्धा धरता येईना. सगळे पेशंट परत पाठवले.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“मी कोण आहे? दाखवलं रे. नस ठीक आहे, रक्त ठीक आहे. पण बोटं बघशील तर… सुरकुतलीत. तासन् तास पाण्यात राहिल्यावर होतात तशी. मला वाटलं, हातमोज्यांनी झालं असेल. पण मोजे दोन्ही हातांना घालते ना मी? उजवा चांगला आहे.”

“कुठपर्यंत गार आहे?”

“कोपरापर्यंत. आणि बाबा, हसू नकोस. दुपारी तीनच्या पुढे असं वाटतं की माझा हात कोणीतरी धरून ठेवलाय. माझ्या लहानपणी तू रस्ता ओलांडताना धरायचास ना, तसं नाही. सोडायचंच नाही असं.”

मी फोन ठेवला आणि वही उघडली. बुधवार: सात. माझे तीन, दोन आणि दोन. ज्या हाताने मला धरलं तो डावा होता, चौकोन डाव्यावर होता. दुसरा तिचा उजवा असेल, असं मी बुधवारी आनंदात गृहीत धरलं. मी, ज्याने तेवीस वर्षांत एकही वजन गृहीत धरलं नाही.

पाणी सोडून द्यावं हे सुचलं. नळी हातात घेतलीसुद्धा. पण पाण्याबरोबर कोण जाईल आणि कोण राहील, हे मला कोण सांगणार? आणि खरं लिहायचं तर दुसरी गोष्टही होती. पाणी गेलं की चौकोन असलेला हात गेला. मी नळी खाली ठेवली.

ठरवलं ते एवढंच: ठमीचा हात शोधायचा आणि बाहेर काढायचा. बाकी बाग तशीच राहील.

आज पाण्याने तीन तेराची वाट पाहिली नाही. पावणेतीनलाच पट्टीवर चार होते. मी हात घातला. सात. फांदीमागे तिचा हात लगेच मिळाला, चिकटपट्टीसकट. मी तो धरला. देठ मागे हलत होते, वीतभर अंतरावर. तिथे पोचायचं तर हा हात सोडायला हवा होता.

मी लगेच सोडला नाही. ठमी घरी एकटी, गार हात मांडीवर घेऊन बसली होती, हे माहीत असताना सोडला नाही. घड्याळ समोर होतं. सोडला तेव्हा सात मिनिटं झाली होती.

मग मी पुढे झुकलो, गाल काचेला लागला आणि नजर खालून वर गेली. टाकीत खालून वर पाहिलं तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो, बाग उलटी टांगलेली दिसते. त्या आरशात माझा हात होता. त्याच्या शेजारी आणखी दोन हात होते, एकसारखे, जुळे म्हणावेत असे, आणि कोपरांच्या पुढेही काहीतरी सुरू होत होतं. मी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी देठांत हात खुपसला, जो हात लागला तो मनगटात पकडला आणि वर ओढला.

तो आला. सहज आला. बाहेर यायची वाटच बघत असल्यासारखा. पृष्ठभागाशी माझी मूठ आली तेव्हा ती रिकामी होती. पाणी थरथरलं आणि दोन मिलिमीटर खाली गेलं.

७

फोन लगेच वाजला.

“बाबा! आला! हात आला!” ठमी अक्षरशः नाचत होती, तिच्या पायांचा आवाज येत होता. “एका झटक्यात! सगळा गरम झाला, बोटं हलतायत, सगळी सगळी! अरे, काय केलंस तू?”

“मी कुठे काय केलं,” मी म्हटलं.

“इतकं छान वाटतंय ना. हाताला काहीतरी करायला हवंय. मातीत घालावासा वाटतोय. आईच्या कुंड्या कुठे ठेवल्यास रे? टाकल्या तर नाहीस?”

“बाल्कनीत आहेत.”

“मी येतेच. येताना रोपं घेऊन येते. आज चहा मी करणार, तू बसून राहा.” मग हसत हसत, “आणि एक गंमत सांगू? हाताच्या पाठीवर काहीतरी चिकट लागतंय. चौकोनी. चिकटपट्टी काढल्यावर गोंद राहतो बघ, तसा. मी पट्टी कधी लावली होती?”

मी फोन खाली ठेवला आणि पट्टी पाहिली. दोन.

मी हात परत आत घातला. पाच. फांदीच्या मागे कोणी नव्हतं. देठांत होतं. तिथला हात माझ्या हातात आला तेव्हा मी अंगठा त्याच्या पाठीवर फिरवला. पाठ गुळगुळीत होती. बोटांची टोकं सुरकुतलेली होती. मग मी ती एकेक मोजली, शेवटच्या बोटापर्यंत गेलो, आणि ते आत वळलेलं होतं.

ही तीनच्या सुमाराची गोष्ट. आता सहा वाजत आले आहेत. वही मांडीवर आहे, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. खांद्यात कळ येते आहे, ती येऊ दे. बागेतल्या प्रत्येक पानाला थेंब लागला आहे, एवढे मी कधीच पाहिले नव्हते. ओढून पाहिलं, दोनदा. हा हात येत नाही.

खाली गाडी थांबली. जिन्यात पावलं वाजतायत, कुंड्यांसाठी आणलेल्या रोपांची पिशवी कठड्याला घासतेय. ती गुणगुणते आहे. ठमी कधी गुणगुणत नाही. दार उघडायला मला उठावं लागणार नाही, किल्ली तिच्याकडे आहे. ती आत येईल, माझ्याकडे बघेल, आणि तिला बघून मला आनंद होणार आहे, हे मला आत्ताच कळतंय. छाती धडधडते आहे. ती चहा ठेवेल आणि म्हणेल, उठा, चहा पिऊन घ्या.

मी उठणार नाही. पाण्यात त्या वाकड्या करंगळीने माझ्या अंगठ्याला विळखा घातला आहे, रस्ता ओलांडताना घालायची तसा. मी हात सोडणार नाही.